रेवणअप्पांची खोली

निजामाच्या अमलात परळीजवळच्या एका मठाने म्हाताऱ्यांसाठी घर चालवलं होतं. आंधळे रेवणअप्पा दोनदा विहिरीत पडता पडता वाचले, तेव्हा त्यांची लेक शिवकांता त्यांना घेऊन ते घर बघायला आली.

जागा चांगली होती. आडाला उंच कठडा होता, न्हाणीची फरशी खडबडीत होती. म्हातारी माणसं ओसरीवर ऊन खात बसली होती.

"ही खोली अप्पांची. हितं काईच कमी पडनार न्हाई," कारभारी मन्मथप्पा म्हणाले. त्यांनी स्वच्छ, रिकामी खोली दाखवून दार लावून घेतलं.

दाराआडून वडिलांचा आवाज आला, "शिवे, मला घरी ने. लई दिवस झाले, वाट बघतोय."

शिवकांताने दचकून शेजारी पाहिलं. अप्पा तिचा हात धरून गप्प उभे होते.

तिने त्यांना ओढतच अंगण पार केलं. गाडीत बसवताना तिने विचारलं, "अप्पा, तुमी भ्यालात का?"

अप्पांचे ओठ हलले. उत्तर मात्र मागून, त्या बंद खोलीतून आलं.