बायजीची खांड

"ताई, जरा डावीकडे. तुमचे बाबा उभे राहिले होते, नेमकं तिथं," कॅमेरा डोळ्याला लावून रितेश म्हणाला.

रोहिणी हलली नाही. गडबच्या मागचा खाडीचा बांध होता तो. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं. तिच्या वडिलांना, आबांना जाऊन पंधरवडा झाला होता. रोह्याचा हा पत्रकार रविवारच्या पुरवणीत त्यांच्यावर अख्खं पान करणार होता. फार वर्षांपूर्वी उधाणाच्या भरतीत बांध फुटून खांड पडली, आबा म्हणजे मोतीराम त्या खांडीत अंग घालून उभे राहिले आणि गावाची शेतं वाचली, अशी ती कथा होती.

"आबा इथं उभे नव्हते," ती म्हणाली. "बायजाबाई उभी होती. खाडीकाठच्या वाडीवरची."

"पण ऑनलाइन विश्वकोशात तसं आहे, ताई."

"आधार कुणाचा दिलाय?"

रितेशनं मोबाइलवर पेणच्या खारभूमीचं पान उघडलं, तळटिपेवर बोट ठेवलं. तळटीप आबा गेल्यावर त्यानंच दिलेल्या बातमीची होती.

"आणि तुम्ही बातमी कशावरनं लिहिलीत?"

"ह्याच पानावरनं. तेव्हा ही तळटीप नव्हती."

रोहिणीनं पानाचा इतिहास उघडून दिला. ओळ घातली होती आबा गेले त्या संध्याकाळी. बातमी त्यानंतरची, तळटीप बातमीनंतरची. ओळ आणि तळटीप घालणारा एकच. तिचा चुलतभाऊ सुजय धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट बुडवून बांधावर आला होता. तो चपलेला लागलेला चिखल खरवडू लागला.

"तू लिवलंस ना रे?"

"आबांचं नाव ऱ्हावं म्हून लिवलं गो ताय. आणि आता तर पेपरात आलंय. पेपर खोटं बोलंल काय?"

"पेपर तुझं ऐकून बोलला आणि तू पेपराची साक्ष काढतोस. एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलात दोघं. जमिनीवर कोण हाय?"

रितेशचे कान लाल झाले. तरी तो म्हणाला, "पण ताई, तुमचंही तोंडीच झालं. मला काहीतरी धरायला द्या."

तिला हेच कुरतडत होतं. रविवारी पान छापलं की बायजाबाई कायमची पुसली जाणार. आणि जन्मात दुसऱ्याच्या बांधावरचं गवतही न कापलेल्या आबांच्या नावावर चोरी बसणार.

ती सुजयकडे वळली. "यांना फोनवर पत्ता काय दिलास?"

"हायवे सोडा, शाळेच्या मागनं सरळ बायजीच्या खांडी..." सुजयनं जीभ चावली.

रितेशनं कॅमेरा खाली घेतला. "वाटेत ज्याला विचारलं तोही हेच म्हणाला. हे नाव कशावरनं पडलं?"

"सांग की आता," रोहिणी म्हणाली.

"फुटल्या बांधात जो पयलं आंग घालतो, खांड बुजली की त्याचंच नाव तिला द्यायचं. तशी रीत हाय." सुजयचा आवाज खाली गेला. "नारळ फोडून नाव आबांनीच दिलं."

रोहिणीला हसू फुटलं. आबा गेल्यापासूनचं पहिलं. तिनं बांधाखाली हाक मारली. चिखलात चिंबोऱ्या धरत असलेली म्हातारी टोपली सावरत वर आली.

"ही बायजाबाई. गावाची बायजी," रोहिणी म्हणाली.

रितेशनं विचारलं, "आजी, त्या दिवशी मोतीरामांनी काय केलं?"

"त्यानं? मी पान्यात उतरली तसा घाबरून जो पळत सुटला, लेंग्याची नाडी एका हातात धरून! गावभर बोंबलला. दारंदारं बडवून मानसं भायेर काढली. तो पळला नस्ता तर माझं मढं खाडीत गावलं अस्तं."

रितेशची पेन्सिल थांबली. "हे... असंच छापू, ताई?"

सुजयनं मान खाली घातली. रोहिणीनं ताठ केली.

"छापा. बांध फुटला तेव्हा माझे आबा पळाले. आणि कुणी सांगितलं तेही छापा. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून तिनं त्यांना पळताना पाहिलंय."