पुसून लख्ख

“राख? कुठंय राख?” वीज कंपनीच्या साहेबांनी खिडकी उघडली, बाहेरच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं आणि ते सुनेच्या नाकासमोर धरलं. बोट कोरं करकरीत.

सुनेने कपाळावर हात मारून घेतला. कट्टाच काय, ग्रिल, गॅलरीचा कठडा, कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा लख्ख होती. राखेमुळे एसी लावावा लागणाऱ्या घरांना मिळणारा विजेचा सवलतीचा दर चालू ठेवायचा की नाही, हे ठरवायला साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर सासूबाईंनी सकाळीच पदर खोचला होता. “आई, आजच्या दिवस नका हो पुसू. दिसू दे त्यांना,” असं सुनेने परोपरीने सांगून पाहिलं. पण ऐकतील तर शपथ! “परका माणूस घरात येणार आणि कट्ट्यावर बोटभर राख? लोक तोंडात शेण घालतील माझ्या.” दाराची बेल वाजली तेव्हाही बाईंचं फडकं गॅलरीतच फिरत होतं.

उघड्या खिडकीतून वारा आत आला आणि पाळण्यातली छकुली खोकायला लागली. मागच्याच आठवड्यात तिला दवाखान्यातून घरी आणलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिच्या छातीत पुन्हा ही धूळ जाता कामा नये. सुनेने धाडकन खिडकी लावली. सासूबाई नातीला उचलून आतल्या खोलीत गेल्या.

साहेबांनी मात्र शांतपणे कागदावर लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलंही. “खिडकी व्यवस्थित उघडते.”

“अहो साहेब, उघडते हो! उघडायची सोय नाही, असं म्हणतेय मी!”

“ताई, तुमच्या घरात दिवसभर एसी चालतो. ही अख्खी वस्ती तशीच. शहरात सगळ्यात जास्त वीज तुम्ही लोक जाळता.” त्यांनी पिशवीतून एक रंगीत नकाशा काढून टेबलावर पसरला. बाकीचं शहर हिरवं, पिवळं. ही वस्ती लालभडक. “जितकी वीज तुम्ही वापरणार तितका कोळसा जळणार, तितका धूर हवेत जाणार. थोडा आपणही विचार केला पाहिजे ना? खिडक्या उघडा, पंखा लावा. बघा किती मोकळी हवा आहे इथं.”

साहेबांच्या पाठीमागे, बंद काचेपलीकडे, वीज केंद्राची चिमणी आभाळात धूर सोडत उभी होती. त्या हवेला मोकळी म्हणायचं म्हणजे कमालच झाली.

“साहेब, जरा मान वळवा,” सून म्हणाली. तिचा आवाज चढलाच. “ती बया आमच्या डोक्यावर बसलीय म्हणून खिडक्या बंद. खिडक्या बंद म्हणून एसी. आणि एसी लावतो म्हणून धूर आमच्यामुळे? चोर सोडून संन्याशाला फाशी झाली ही!”

“मी हुकमाचा ताबेदार, ताई. मला जे दिसतं ते मी लिहितो.”

“थांबा. दाखवते.” ती तरातरा मोरीत गेली. सासूबाईंच्या बादलीत सकाळचं काळं पाणी असणार, फडक्याला राख असणार. बघते तर काय, बादली घासून पालथी घातलेली आणि फडकं साबणाने धुऊन, पिळून नळावर वाळत टाकलेलं. पांढरंशुभ्र. तिला वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं.

ती रिकाम्या हाताने बाहेर आली. साहेबांनी तोवर चहा संपवला होता आणि एका चौकोनात बरोबरची खूण केली होती. चौकोनापुढे छापलं होतं, ‘टाळता येण्यासारखा वापर’.

“म्हणजे सवलतीचा दर गेला आमचा?”

“पुढच्या महिन्यापासून.”

“मग एसी बंदच करावा लागेल. आणि पोरीनं काय करायचं? श्वास घेणं सोडून द्यायचं?”

साहेबांनी नकाशाची घडी घातली. “चहा छान होता,” म्हणाले. “आणि घर किती स्वच्छ ठेवलंय तुम्ही!” आणि जिना उतरून गेले.

स्वच्छ! सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. आत सासूबाई छकुलीला थोपटत होत्या. मधूनच खोकल्याची ढास ऐकू येत होती. सून काचेशी जाऊन उभी राहिली. जाणाऱ्याच्या पाठीला चार शिव्या देऊन तेवढंच समाधान, दुसरं काय उरलं होतं?

खाली साहेब स्कूटरपाशी आले. न बघताच त्यांनी हँडलखालच्या खणात हात घातला, तिथं कोंबलेलं फडकं काढलं आणि सीट पुसली. मग आरसा पुसला. रोजची सवय, हात आपसूक फिरत होता. मग फडकं उलटं केलं. ती बाजूही काळीच निघाली.

सुनेने खाडकन खिडकी उघडली.

“साहेब! ते झटकू नका! तसंच घेऊन वर या!”

साहेबांनी वर पाहिलं. मग हातातल्या फडक्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांची मान हळूहळू चिमणीकडे वळली. मग स्कूटरला लावलेली किल्ली त्यांनी काढून घेतली आणि फडकं तसंच हातात धरून ते जिन्याकडे वळले.

आवाज ऐकून सासूबाई आतून धावत आल्या होत्या. “अगंबाई, परत येताहेत?” म्हणत त्यांनी बाहेरच्या कट्ट्याकडे नजर टाकली. तेवढ्या वेळात त्यावर करड्या राखेचा पातळसा थर बसला होता. बाईंनी मोरीकडे धाव घेतली आणि नळावरचं फडकं घेऊन परतल्या.

सुनेने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

“आई, पाया पडते तुमच्या,” ती म्हणाली. “आज घर घाण राहू द्या.”