विटांचा बंगला

आमच्या गावातला विटांचा बंगला इंग्रज साहेबाने बांधला, शाळा आम्ही भरवली. पहिलीचा वर्ग त्याच्या स्वयंपाकघरात बसतो. दुसरीचा बेडरूममध्ये, त्यामुळे दुसरीला झोप फार.

आता बंगला पाडून रिसॉर्ट करायचं घाटत होतं. वारसा वास्तूचा दर्जा मिळाला तरच तो वाचणार होता. त्यासाठी पुण्याहून एक अधिकारी आले. कमानी बघून, जाडजूड भिंतींवर हात फिरवून खूश झाले.

"पण इथे कुणी थोर व्यक्ती राहिली होती का? त्याशिवाय दर्जा मिळत नाही."

"बांधणारा साहेबच ऱ्हायला व्हता की," शाळा समितीचे अध्यक्ष दत्तोबा म्हणाले.

"त्याचं कार्य काय?"

"रानडुकरं मारायचा."

"हे नाही चालणार, आबा."

दत्तोबा त्यांना मागच्या पागेत घेऊन गेले. तिथे चौथी बसते. सगळी पोरं उभी राहून ओरडली, "एक साथ नमस्ते!"

"हे बगा. हितंच हाय."

"यांतलं थोर कोण?"

"ते अजून ठरायचंय," दत्तोबा ताठ मानेनं म्हणाले. "तवर भिंती ऱ्हाऊ द्या."