हुल्डाआजीच्या मृत्यूचा दाखला

हुल्डाआजीच्या थडग्यावर दगड बसवायचा होता. पण त्यासाठी आधी थडगं सापडायला हवं. मी सहा वर्षांचा असताना ती घरातून निघून गेली. राज्याच्या कार्यालयाने 'मृत्यूची नोंद नाही' असं कळवलं, म्हणून वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी नेब्रास्कातल्या आमच्या जिल्हा कचेरीत गेलो.

तिथल्या व्हर्लीनबाईंनी जाडजूड वह्या चाळल्या. "काका, जन्म आहे, लग्न आहे. मरायचं मात्र राहून गेलंय."

"आमच्या घराण्यात कुठलं काम वेळेवर झालंय!"

मग अर्जावर माझं नाव वाचून त्या थबकल्या. "डेल्मर रुडीन तुम्हीच? अहो, तुमच्या मृत्यूचा दाखला मागायला दरवर्षी एक म्हाताऱ्या बाई येतात. नात्याच्या रकान्यात 'आजी' लिहितात. नोंद नाही म्हटलं की खूश होऊन मला पेपरमिंट देतात."

"यंदा आल्या?"

"सकाळीच. नोंद नाही म्हटलं, तर म्हणाल्या, 'असू दे, आज बसते.'"

माझ्या पाठीमागच्या बाकावर पेपरमिंटचा कागद उलगडल्याचा आवाज झाला. चर्चमध्ये पाद्र्याला ऐकू जाऊ नये म्हणून आजी माझ्यासाठी उलगडायची, तसा, अगदी हळू.