राहिलेला बिट

सूनबाईनं सी भाषेत प्रोग्रॅम लिहिला. घरातले आठ दिवे म्हणजे आठ बिट. झोपताना एक बटण दाबलं, की सगळे बिट शून्य आणि सगळे दिवे बंद.

"कसलं डोंबलाचं बटण!" सकाळी सासूबाई कडाडल्या. "जिन्यातला दिवा रात्रभर चालूच!"

चूक लगेच सापडली. शेवटचा बिट शून्य करायचाच राहिला होता. ती दुरुस्त करणार, तेवढ्यात सासरे हळूच म्हणाले, "राहू दे गं. हिला अंधाराची भीती वाटते, पण कबूल करायची नाही."

"मग इतकी वर्षं काय करायचात?"

"रोज तो दिवा बंद करायला विसरायचो आणि बोलणी खायचो."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "सापडली का चूक?"

"नाही हो आई, शोधतेय अजून," लॅपटॉप मिटत सूनबाई म्हणाली.