कर्ण्याची वायर

श्रीपतनं कानावरचा हेडफोन काढला आणि चंद्रभागामावशीचा खोकला त्याला दोनदा ऐकू आला. एकदा समोरून. एकदा बाहेरून, विहाराच्या छपरावरच्या कर्ण्यातून.

तो मिक्सरच्या मागं वाकला. तिथून आवाजाला दोन वाटा होत्या. एक टेपकडे, दुसरी कर्ण्याच्या अॅम्प्लिफायरकडे. सकाळी वंदना लावली तेव्हाची दुसरी वायर तशीच खोचलेली! वा रे रेडिओ मेकॅनिक! बाहेरचा गलका टेपवर येऊ नये म्हणून ह्यानं विहाराची दारं-खिडक्या लावल्या, गोधड्या टांगल्या. हेडफोनमध्ये टेपवर जाणारा आवाज कसा स्वच्छ येतोय म्हणून मान डोलावत बसला. आणि मावशीचं घरातलं बोलणं अख्ख्या कुंभिवली गावात चाललेलं.

बोलणं तरी साधं होतं का? मावशीला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती बडोद्याच्या लेकाला कॅसेट पाठवायला आली होती. 'इथनं एक अक्षर बाहेर जाणार नाय,' असा शब्द श्रीपतनंच दिला होता. तेव्हा कुठं ती बोलली. "दामू, तिकडं तू दुसरी बाई ठेवलीस, मला समजलंय. पावसाळा सरला की तिला हितं आणणार आन् सुंदराला माहेरी धाडणार म्हणतोस. सुंदराला अजून यातलं काय ठाव नाय. पण ऐक. घर माझ्या नावावर हाय. त्यात माझी सून राहील. तू त्या बाईला घेऊन आलास तर उंबऱ्याच्या भायेर उभा ऱ्हाशील."

श्रीपतनं वायर उपटली. आता उपटून काय उपयोग?

"मावशी, घात झाला," तो कसाबसा म्हणाला. "समदं भायेर गेलं. कर्णा चालू व्हता."

मावशी पदर सावरून उठली. "घरी सोड मला," एवढंच म्हणाली.

वस्तीतून जाताना श्रीपतला मान वर करवेना. पाणी भरणाऱ्या बाया हंडे ठेवून त्यांच्याकडं बघू लागल्या. एका पोरीचा संसार आपण चव्हाट्यावर मांडला, आणि मावशीनं तिच्यापासून जपलेलं तिला कर्ण्यावरून कळलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

सुंदरा ओट्यावर तांदूळ निवडत होती. सूप मांडीवर तसंच, हात थांबलेले, डोळे लाल.

"वहिनी, चूक माझी हाय," श्रीपतनं हात जोडले. "काय हवं ते बोला मला."

ती सासूकडं बघत राहिली. मग उठून तिच्या कुशीत शिरली आणि हमसून हमसून रडली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तेवढ्यात वस्तीतले जाणते बुधाजीतात्या काठी टेकत आले.

"चंद्रभागे, आमी समद्यांनी ऐकलं," ते म्हणाले. "दामू येऊ दे. सुंदराला या घरातनं कोण काढतो ते आमी बघू."

तात्या गेले. सुंदरा डोळे पुसत चूल पेटवायला आत गेली. श्रीपत मात्र खांबाला धरून तसाच उभा.

"मावशी, जल्मात हे पाप फिटायचं नाय माझं," तो म्हणाला. "कॅसेट तरी उद्याच्या टपालात टाकतो."

"पुसून टाक ती," मावशी हळूच म्हणाली. "दामूला काय, मी तोंडावर सांगीन. हिला सांगायची छाती व्हत नव्हती रं माझी. पयल्याच शब्दाला माझा आवाज डोंगराला लागून माघारी आला, तवाच म्हणलं, आता थांबायचं नाय. कान तू झाकले व्हतेस, मी नाय."