स्टामेनच्या नावाचा पेला

डोंगरावरच्या रडार तुकडीत एकेकाळी सोबत असलेले म्हातारे दरवर्षी पायथ्याच्या खानावळीत जमत आणि गेलेल्या सोबत्यांच्या नावाने घोटभर वाइन जमिनीवर ओतत. यंदा बस चुकल्याने स्टामेनला उशीर झाला. दाराशी पोचतो, तर आत त्याच्याच नावाने पेला उचललेला! त्याच्या नावाचा दुसराच कुणी वारला होता, आणि चौकात लावलेली निधनाची सूचना वाचून मंडळींनी यालाच पोचवलं होतं.

तो हसत आत शिरणार, इतक्यात गान्चो बोलू लागला. जन्मभर स्टामेनची टर उडवण्यापलीकडे काही न केलेला गान्चो.

"हिमवादळात मी अँटेनापाशी अडकलो, तेव्हा हाच मला पाठीवर घेऊन खाली उतरला. असा माणूस..." त्याला पुढे बोलवेना.

स्टामेन दाराआडच थबकला. त्याने बाहीने डोळे पुसले. पण गान्चोने पेला जमिनीकडे कलवला, तसं त्याला राहवेना.

"अरे गाढवा, सांडतोस काय? इकडे आण!"

गान्चोने धावत येऊन त्याला कडकडून मिठी मारली. "मेल्या, जिवंत आहेस होय? मग मघाचे शब्द मी परत घेतो!"

"घे की," स्टामेन म्हणाला, "पण आधी पुढचं सांगून टाक."